कुंपणावरची वेल

आर्लो स्कारने एकतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली आणि या एकतीस वर्षांत कुणाला एक शब्द चढ्या आवाजात बोलला नाही. मागच्या बाकांवर पोरं एकमेकांच्या झिंज्या ओढायची, तरी हा आरशातून नुसता बघायचा. बघणंच असं होतं की झिंज्या आपोआप सुटायच्या. एकदा सॉरेनसनांच्या धाकटीने शाळेत दाखवायला म्हणून चक्क वासरू बसमध्ये चढवलं. दुसरा कुणी असता तर बोंब ठोकली असती. आर्लो म्हणाला, "बसमध्ये उभं राहायची मुभा नाही. बसवता येत असेल तर बसव." पोरगी हिकमती निघाली, तिने बसवलं. वासरू अकरा मैल शहाण्यासारखं बसून शाळेत गेलं. हकिगत खोटी वाटली तर वेस्टबी गावात कुणालाही विचारा. फार तर वासराच्या रंगावरून भांडतील.

असा हा माणूस निवृत्त झाला आणि त्याची पंचाईत झाली. रोज सकाळी पावणेसातला टोपी घालून स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायचा आणि रस्त्याकडे टक लावायचा. लॉर्नाने, म्हणजे त्याच्या बायकोने, पहिला हिवाळा सोसला. पुढचा उन्हाळा सरत आला तेव्हा तिने त्याच्या हातात कोयता दिला आणि शेताच्या कडेचं जुनं कुंपण साफ करायला पिटाळलं. संध्याकाळी तो परतला तेव्हा कुंपण होतं तसंच होतं आणि आर्लोच्या हातात एक हिरवं फूल होतं.

ते हॉप्सचं फूल. बियरला कडवटपणा आणि वास येतो तो याच फुलाने. अंगठ्याएवढं, खवल्याखवल्यांचं, आणि चुरगाळलं की आत हळदीसारखी पिवळी पूड. विस्कॉन्सिनच्या या खोऱ्यांत दीडशे वर्षांपूर्वी हॉप्सचं वेड आलं होतं. लोकांनी गहू मोडून वेली लावल्या, दोन-चार वर्षं पैशात लोळले, मग भाव असा आपटला की वेली उपटून खांब चुलीत घातले. पण एखादी वेल कुंपणाच्या आडोशाने जीव धरून राहिलीच. आर्लोचा बाप तिला तण म्हणायचा. दरसाल कापायचा आणि दरसाल ती त्याच्या नाकावर टिच्चून वर यायची.

आर्लोने तिच्या मुळ्यांचे तुकडे अवजारांच्या शेडमागच्या पट्ट्यात लावले आणि उंच दोऱ्या बांधल्या. तीन वर्षं खपला. पहिल्या वर्षी मूठभर फुलं आली, दुसऱ्या वर्षी बादलीभर. तिसऱ्या वर्षी वेली शेडच्या वर गेल्या आणि फुलांनी वाकल्या. लॉर्ना म्हणाली की आपल्या लग्नानंतर हा माणूस इतका वेळ वर बघत उभा राहिलेला मी प्रथमच पाहिला.

आता शेजारचा रॉडनी. तो त्या पट्ट्यावर मक्यासाठी कधीपासून डोळा ठेवून होता. माणूस वाईट नव्हे, फक्त त्याला जमीन मोकळी दिसली की अंगाला खाज सुटते. या सप्टेंबरात त्याने सांगितलं की सोमवारपर्यंत काय ते कळव, थंडी पडायच्या आत शेणखत टाकायचं आहे. आर्लोने मनाशी ठरवून टाकलं. या वर्षी बियरच्या एका तरी भट्टीवाल्याने आपली फुलं कढईत घातली तर वेली ठेवायच्या, नाहीतर बापाचं खरं मानायचं, तण ते तण, आणि पट्टा रॉडनीला द्यायचा. हे त्याने लॉर्नाला सांगितलं आणि दोन मित्रांना. सांगताना आवाज असा ठेवला, जणू बसचं चाक बदलायचंय.

तर ते दोन मित्र. एक ड्वेन पिंगेल, चाळीस वर्षं गाईंच्या धारा काढलेला, हात फावड्यासारखे, मन लोण्यासारखं आणि तोंडाला कडी नाही. दुसरा लेलंड, टपाल वाटून निवृत्त झालेला, काडीसारखा, खिशात कायम एक वही. दरवर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी हे तिघं आर्लोच्या व्हॅनमधून निघायचे आणि दोन दिवसांत जमतील तेवढ्या लहान लहान बियरच्या भट्ट्या धुंडाळायचे. नऊ वर्षांचा रिवाज. लाकडी फळीवर चार छोटे पेले यायचे. ड्वेन चारही एका दमात संपवून म्हणायचा, "वाईट नाही." त्याच्या तोंडी एवढी स्तुती म्हणजे घोड्यावरून मिरवणूक. लेलंड एकेक घोट तोंडात घोळवून वहीत लिहायचा: नव्या पाकिटाचा डिंक. ओल्या मासिकाचं पान. नाताळच्या पार्सलाची दोरी. दुसऱ्या कुणाला त्या वहीवरून बियर निवडता आली नसती, पण लेलंडचं कधी चुकलं नाही. आर्लो एक छोटा पेला घेऊन अर्धा ठेवायचा, कारण गाडी त्याची.

या वर्षी त्यांनी ठरवलं की हिंडायचंच आहे तर हॉप्स बरोबर घ्यायचे आणि भट्टीवाल्यांना दाखवायचे. ताज्या फुलांची बियर वर्षातून एकदाच होते. वेलीवरून काढल्यापासून एक दिवसात, फार तर दीड दिवसात फुलं कढईत पडली पाहिजेत. शुक्रवारी चर्चमधल्या अकरा बाया तोडायला आल्या. दिवसभर फुलं आणि गावभरच्या भानगडी दोन्ही निवडून झालं. रात्री आर्लोने फुलं शेडच्या फरशीवर चादरींवर पातळ पसरली. कांद्याच्या जाळीच्या पिशव्याही जमवून ठेवल्या होत्या, वारा खेळावा म्हणून.

शनिवारी सकाळी आर्लो सदरा बदलायला घरात गेला. ड्वेन लवकर आला होता. त्याला वाटलं, तेवढाच हातभार. जाळीच्या पिशव्या पाहून त्याला मित्राची कीव आली. ड्वेनचं सारं आयुष्य मुरघास करण्यात गेलं होतं, म्हणजे हिरवा चारा खड्ड्यात घालायचा, वरून ट्रॅक्टर फिरवून दाबायचा, झाकायचा, आत वाऱ्याची झुळूक जाऊ द्यायची नाही. हिरव्या मालाचा वैरी कोण, तर हवा. ड्वेनच्या घरी हे बायबलच्या शेजारी ठेवलेलं सत्य. त्याने काळ्या प्लास्टिकच्या सहा पिशव्या आणल्या, फुलं भरली, बूट काढून मोजे घातलेल्या पायांनी नीट तुडवली आणि तोंडं करकचून बांधली.

आर्लो दारात आला तेव्हा ड्वेन सहाव्या पिशवीत उभा होता. आर्लोची नजर रिकाम्या राहिलेल्या जाळीच्या पिशव्यांकडे गेली. पण ड्वेन घामाघूम होऊन इतका खूश दिसत होता, आणि चाळीस वर्षांत त्याचा चारा कधी नासला नव्हता. मित्राने आपणहून केलेल्या कामाला नाव कसं ठेवायचं? नॉर्वेहून येऊन इकडे वसलेल्यांच्या वंशातल्या माणसाला पायावर घण पडला तरी तो आधी घणवाल्याची विचारपूस करतो. आर्लो म्हणाला, "छान. चला."

पहिली भट्टी एका जुन्या बँकेत होती. भट्टीवाला तरुण, दाढीवाला, सभ्य. त्याने विचारलं, प्रयोगशाळेचा कागद आहे का, फुलात कडूपणा किती टक्के ते लिहिलेला? कागद नव्हता. तो म्हणाला, मग अवघड आहे, आम्ही फुलं दळून दाबलेल्या गोळ्याच वापरतो, मापात येतात. त्याने त्या गोळ्या दाखवल्याही. ड्वेन म्हणाला, हे तर थेट गाईच्या पेंडीसारखं दिसतंय. दाढीवाला हसला. आर्लोने त्याचे आभार मानले, असे की जणू होकारच मिळाला होता.

दुसरी भट्टी एका गोठ्यात. तिथला म्हातारा मालक लाख माणूस. पण आर्लोची विचारायची तऱ्हा अशी की आधी त्याने हवापाणी काढलं, मग गोठ्याच्या छपराची चौकशी केली, मग त्या छपराला पत्रा कुठून आणला, मग पत्रा आणणाऱ्याचा गुडघा कसा आहे. चाळीस मिनिटांनी तो "आमच्याकडे कुंपणावर एक वेल आहे" इथवर पोचला, तोवर मालकाला फोन आला आणि तो आत गेला. परतला तो चीजचे ताजे तुकडे घेऊन, दाताखाली चूं करून वाजतात ते. आणि बोलता बोलता म्हणाला की कढया भोपळ्याच्या बियरने महिनाभर अडकल्यात. आर्लोने चीजची वाखाणणी केली आणि बाहेर आला.

गाडीत लेलंड म्हणाला, "तू त्याला विचारलंसच नाहीस."

"त्याच्या कढया भरल्यात."

"ते तुला नंतर कळलं. गड्या, मी चाळीस वर्षं लोकांच्या दारात गेलोय. दार वाजवल्याशिवाय कुणी उघडत नाही."

आर्लोने गाडी सुरू केली. दुपारचं ऊन पडलं होतं, व्हॅनच्या मागच्या काचेतून थेट पिशव्यांवर. वाटेत रेल्वेचं फाटक आलं. तिथे महिन्यातून दोनदा मालगाडी जाते, पण शाळेच्या बसला रुळांशी थांबावंच लागतं, त्या सवयीने आर्लो थांबायचाच. गाडी थांबवायची, रेडिओ बंद करायचा, काच खाली करायची, सगळ्यांना गप्प करायचं आणि कान द्यायचा. नऊ वर्षं ड्वेन यावरून त्याची टिंगल करत आला होता. आजही म्हणाला, बघ रे, रुळावर वासरू बसलं असेल.

आर्लोने हात वर केला. आगगाडीचा आवाज आला नाही. वास आला. मागून, उबट, गोडसर, पावसात भिजलेल्या गवताच्या गंजीसारखा.

तो उतरला, मागचं दार उघडलं आणि एका पिशवीत कोपरापर्यंत हात घातला. आत शेगडी पेटवल्यासारखं ऊन होतं. मधली फुलं तपकिरी पडून एकमेकांना चिकटली होती. हॉप्स म्हणजे मका नव्हे. तुडवून कोंडले की ते आतल्या आत शिजतात.

ड्वेन खाली उतरला. त्यानेही हात घातला. गुरांत जन्म गेलेल्या माणसाला तापलेला चारा कळायला किती वेळ लागतो? त्याचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. तोंडाला कडी नसलेला माणूस अर्धा मिनिट गप्प उभा होता, आणि लेलंडच्या म्हणण्याप्रमाणे हे त्याने आयुष्यात दुसऱ्यांदाच पाहिलं. पहिली वेळ ड्वेनच्या लग्नातली.

"मी नासवलं," ड्वेन म्हणाला. "तीन वर्षांचं तुझं. पायांनी."

आर्लोने रुळांकडे पाहिलं, मग पिशव्यांकडे. एकतीस वर्षांत जे केलं नव्हतं ते आता करणं आलं, म्हणजे मनातलं ओठांवर आणणं.

"तू तुडवलंस," तो म्हणाला, "आणि मी दारात उभा राहून बघितलं. मला तेव्हाच बरं वाटलं नव्हतं. मी बोललो नाही. निम्मं तुझं, निम्मं माझं."

"मग शिव्या तरी दे."

"नंतर देतो. आधी पिशव्या फोड."

पिशव्या फाडून, फुलं हाताने मोकळी करत, काचा उघड्या ठेवून ते तिसऱ्या भट्टीकडे निघाले. ती सहा मैलांवर होती. आर्लोने आयुष्यात पहिल्यांदा वेगाची पाटी ओलांडली, तीही थोडीच.

तिसरी भट्टी जुन्या चीजच्या कारखान्यात. मालकीण डेला व्होंड्रा, चाळिशीची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कपाळावर घाम, हातात पाण्याची नळी. आर्लो तिच्यासमोर उभा राहिला. हवापाण्याचं वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं, ते त्याने गिळलं.

"माझ्या गाडीत हॉप्स आहेत," तो म्हणाला. "कालचे. आमच्या कुंपणावरच्या जुन्या वेलीचे. आम्ही ते कोंडून तापवलेत, चूक आमची. अर्धे गेले असतील. उरलेले तुम्ही तुमच्या कढईत घालावेत असं मला वाटतं. कागद नाही."

डेलाने नळी बंद केली. म्हणाली, तापलेला माल मी कढईत घालत नाही, सडक्या गवताची चव येते, गिऱ्हाईक मला नावं ठेवतं. पण नाही म्हणायला तरी बघायला हवं म्हणून ती गाडीपर्यंत आली. वासानेच नाक मुरडलं. मग तिने ढिगाच्या कडेची, थंड राहिलेली एक मूठ उचलली, तळहातांत चोळली आणि नाक त्यात बुडवलं. दुसरी मूठ घेतली. ड्वेनला राहवेना, त्याने विचारलं, "वाईट नाही ना?" लेलंडने त्याच्या पायावर पाय दिला.

"बडीशेप," डेला स्वतःशीच म्हणाली. "खरबुजाची साल. आणि अजून काहीतरी आहे, ते मला ठाऊक नाही." एवढं बोलून तिने घड्याळ पाहिलं. अडीच वाजले होते. मागे तिची एक लहान कढई होती, नवे प्रयोग करायची. तिच्यात आज साधीच बियर उकळायला ठेवायची होती, फुलं शेवटी पडतात, म्हणजे पाचला. "पाचपर्यंत तपकिरी एकही दिसता कामा नये. एक जरी दिसलं तरी सगळी टोपली बाहेर. निवडायला माझ्याकडे माणसं नाहीत."

चीज मुरवायची थंडगार खोली होती, पांढऱ्या फरशांची. तिथे त्यांनी फुलं ओतली आणि तिघं गुडघे टेकून बसले. तिघांच्या गुडघ्यांचं मिळून वय दोनशे अकरा. वीस मिनिटांत कळून चुकलं की या गतीने नाताळ येईल. तेव्हा लेलंड उठला. बाहेर बियर पीत बसलेल्या लोकांत गेला, आणि टपालवाल्याच्या आवाजात, जो दार बंद असलं तरी आत पोचतो, म्हणाला की आत एका माणसाची तीन वर्षं फरशीवर पडली आहेत, हिरवी इकडे आणि तपकिरी तिकडे करायची आहेत, ज्याचे हात रिकामे आहेत त्याने यावं.

इकडच्या माणसाला जेवायला बोलावलं तर तीनदा नाही म्हणतो. कामाला बोलावलं तर पहिल्याच हाकेला उठतो. एक वरात आली होती, नवरीच्या करवल्या गुलाबी कपड्यांत, त्या बसल्या. मासे धरून परतलेले दोन भाऊ बसले. एक आजी आपली खुर्ची घेऊनच आली आणि सगळ्यांवर हुकूम गाजवू लागली. अर्ध्या तासात पंचवीस माणसं झाली. सगळ्यांच्या बोटांना पिवळी पूड चिकटली, एकमेकांच्या नाकाशी बोटं नेऊन हा वास कशाचा यावर वाद सुरू झाले. कुणी म्हणालं खडीसाखर, कुणी म्हणालं आमच्या आत्याचं कपाट. आर्लो एका कोपऱ्यात ढिगाऱ्याशी झुंजत होता. मधेच तो मान वर करून बघायचा. जे फूल बापाने कोयत्याने तोडलं होतं, त्याचा वास या पंचवीस जणांना एकमेकांना दाखवायचा होता. त्याने पुन्हा मान खाली घातली, कारण डोळे चुरचुरत होते. हॉप्सनेही चुरचुरतात, तेव्हा कुणाला काही सांगावं लागलं नाही.

पाचला दहा मिनिटं कमी असताना डेलाने टोपली उलटसुलट करून पाहिली. एक तपकिरी सापडलं. सगळ्यांचे हात थांबले. तिने ते आजीला दाखवलं. आजी म्हणाली, ते मातीचं ढेकूळ आहे, चष्मा लाव. डेलाने नीट पाहिलं. ढेकूळच होतं.

शंभर पौंडांतले अडतीस उरले होते. डेलाने आर्लोला शिडीवर चढायला सांगितलं. लहान कढई खळखळत होती. त्याने टोपली वाकडी केली, हिरवी फुलं वाफेत पडली, आणि असा वास उठला की बाहेर रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला आत डोकावला. लेलंडने वही काढली. बराच वेळ पेन्सिल धरून उभा राहिला आणि न लिहिता वही मिटली.

डेलाने मात्र कुणाला गाजर दाखवलं नाही. ती म्हणाली की तीन आठवड्यांनी चव कळेल. चांगली निघेल, कडू जहर निघेल, आज मी शब्द देत नाही. चांगली निघाली तर पुढच्या वर्षी मला मोठ्या कढईसाठी हवेत, तीनशे पौंड, आणि जाळीच्या पिशव्यांतून.

सोमवार तीन आठवड्यांनी येणार नव्हता, परवा येणार होता. आर्लो गाडीशी जाऊन उभा राहिला. बियर कशी होईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण फुलं कढईत पडली होती, आणि त्याने ठरवलं होतं ते तेवढंच. त्याने लॉर्नाला फोन लावला आणि आडवळण न घेता सांगितलं की पट्टा द्यायचा नाही, रॉडनीला निरोप धाड.

"मी गुरुवारीच सांगितलं त्याला," लॉर्ना म्हणाली.

"गुरुवारी? आणि सगळ्यांनी नाही म्हटलं असतं तर?"

"तर पुढच्या वर्षी परत गेला असतास. तुला पुन्हा टोपी घालून खिडकीशी बसलेला बघायची माझी तयारी नाही. जेवलास का?"

रविवारी दुपारी तिघं परतीला लागले. ड्वेन आदल्या दिवसापासून भरपाई करायची संधी शोधत होता. तीनशे पौंडांना किती वेली, किती वेलींना किती दोऱ्या, किती उंच खांब, सगळं त्याने बोटांवर मांडलं आणि मग मोठ्या ऐटीत जाहीर केलं की खांब माझ्याकडून. चाऱ्याच्या उंच सायलोमागे विजेचे जुने खांब पडलेत, बाविसाच्या बावीस, उद्याच ट्रॅक्टरला बांधून ओढत आणतो.

आर्लोने ते खांब पाहिले होते. गाडी दोन वळणं गेली. लेलंड आरशातून त्याच्याकडे बघत होता.

"ड्वेन," आर्लो म्हणाला, "तुझे खांब कुजलेत."

ड्वेन खिडकीबाहेर बघू लागला. मक्याचं एक सबंध शेत, एक चर्च आणि दोन गोठे मागे पडले, तरी तो बाहेरच बघत होता.

"सगळे नाहीत," तो अखेर म्हणाला.

"किती बरे आहेत?"

"सहा." मग थोड्या वेळाने, "पाच. सहाव्यात सुतारपक्षी राहतो."

"पाच दे," आर्लो म्हणाला. "बाकीचे मी बघतो."

मग ड्वेन हसायला लागला, आधी नाकातून, मग पोटातून, इतका की लेलंडच्या मांडीवरची वही खाली पडली. ती उचलताना लेलंडने एवढंच म्हटलं की पाच खांबांसाठी खड्डे त्याच्या गुडघ्यांकडून खणले जाणार नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवतो. ड्वेन म्हणाला, तुला कोण विचारतंय, तू नुसता पत्ता लिही. आणि खड्डे चार फूट हवेत की पाच, यावर दोघं गावापर्यंत भांडत राहिले. या वेळी आर्लोही मधे पडला आणि पाचच हवेत म्हणून हटून बसला.